हृदय उत्तम आहे

३ फेब्रुवारी

ताई,

"काही कळवायचं असलं तर लिहून कळव, फोन करू नकोस," असं तू हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणालीस, म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं.

आईचं ऑपरेशन झालं. झडप बदलली. छाती उघडून, हृदय थांबवून, रक्त यंत्रातून फिरवून, सगळं सर्जननं सांगितलं होतं तसंच झालं. बाहेर येऊन तो म्हणाला, "हृदय उत्तम आहे. काळजीचं कारण नाही." त्याच्यासमोर मी रडले नाही. लिफ्टमध्ये रडले. तिथे एक अनोळखी बाई होती. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आपला मजला आल्यावर उतरून गेली.

"आईचं हृदय वाचवशील आणि आई घालवशील," हे तुझं वाक्य मी विसरलेले नाही. बाबा त्यांच्या ऑपरेशननंतर घरी आले ते दुसरेच कोणीतरी होऊन, आणि शेवटपर्यंत तसेच राहिले, हे तू एकटीनं पाहिलेलं नाही. मीही त्याच घरात होते. पण आईला तसं काही झालेलं नाही, एवढं कळवण्यासाठी हे पत्र.

ती शुद्धीवर आहे. मला ओळखलं. म्हणजे ओळखलंच असणार. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं, पण हात दाबला. हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधले आहेत. झोपेत नळ्या ओढू नयेत म्हणून, असं नर्स म्हणाली, सगळ्यांचेच बांधतात. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचे बांधलेले नव्हते, पण ते आजोबा फारच अशक्त दिसत होते.

थोडी चिडचिड करते. नळ्यांमुळे असेल.

धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात सगळं लिहिलं नव्हतं. आता लिहिते, कारण आता ते सरलं आहे.

नळी काढल्यावर आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या मॅडम, बसा. परवाना भिंतीवर लावलेला आहे, बघून घ्या." आधी वाटलं चेष्टा करते आहे. पण तिचे डोळे चेष्टेचे नव्हते. तिच्या लेखी मी औषध खात्यातली इन्स्पेक्टर होते आणि ती खोली म्हणजे आपलं औषधाचं दुकान होतं. ताई, आपली आई मला अहो-जाहो करत होती. "तुम्ही म्हणाल ते कपाट उघडून दाखवते, पण माझ्या मुलींना यात ओढू नका. त्यांना यातलं काही माहीत नाही."

मी म्हटलं, "आई, मीच तुझी मुलगी. धाकटी."

तिनं मला नीट न्याहाळलं. "तिचं नाव घेऊन माझ्याकडून काही वदवून घेता येणार नाही," म्हणाली.

नर्स औषध द्यायला आली की आई मला जवळ बोलावून कुजबुजायची, की ही बाई खऱ्या गोळ्या काढून घेते आणि खडूच्या ठेवते. हवेत बोटं नाचवून गोळ्या मोजायची. एकदा हात सुटला तेव्हा मानेतली सुई उपसून काढली. चादर रक्तानं भरली. दोन वॉर्डबॉय आणि एक नर्स तिला धरत होते आणि ती ओरडत होती. ज्या बाईनं आयुष्यभर काउंटरवर आवाज चढवला नाही, ती ओरडत होती, "थोरलीला बोलवा, तिनं सांगितलं होतं मला इथे ठेवू नका म्हणून."

हे मला सगळ्यात जास्त लागलं, आणि तुला ते आवडेल म्हणून लिहायचं नव्हतं. पण ती तसं म्हणाली, हे खरं आहे.

मग वॉर्डची मुख्य सिस्टर आली. तिनं मला विचारलं, "यांना चष्मा आहे का? ऐकायला कमी येतं का?" चष्मा आणि कानाचं यंत्र, दोन्ही माझ्या पर्समध्ये होतं. ऑपरेशनला नेताना माझ्या हातात दिलं होतं. मी जपून ठेवलं होतं. इतकं जपून की आईला ना धड दिसत होतं ना ऐकू येत होतं, आणि आम्ही सगळे तिला शांत राहायला सांगत होतो. सिस्टरनं पलंग खिडकीपाशी घेतला. समोर घड्याळ टांगलं. डॉक्टरांशी बोलून झोपेचं औषध कमी करून घेतलं. मला म्हणाली, "दिवसभर बोलत बसा. वाद घालू नका, आज काय वार, बाहेर काय दिसतं, असलं साधं बोला."

बोलत बसले. हळूहळू इन्स्पेक्टरची मॅडम झाले, मॅडमची शेजारीण झाले, आणि काल सकाळी ती म्हणाली, "धाकटे, तोंड का असं उतरलंय तुझं? जेवलीस का?"

डॉक्टर म्हणतात, याला भ्रम म्हणतात. या वयात, असल्या मोठ्या ऑपरेशननंतर, पुष्कळांना होतो. बहुतेकांचा जातो. काहींचं लक्ष आणि स्मरण नंतर काही महिने मंद राहतं. त्यातल्या काहींचं पूर्ण परत येतं, काहींचं थोडं राहून जातं.

"माझ्या आईचं?"

"ते मला आज सांगता येणार नाही."

धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "तिला दुकानात बसू देऊ नकोस." खाली सहीसुद्धा नाही. घरी आल्यावर तिनं पहिलं पाऊल कसं टाकलं, काय खाल्लं, झोप लागते का, यातलं काही विचारावंसं वाटलं नाही तुला. हुकूम मात्र सोडलास.

ती छान आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, आजारी होतात असं वाटतच नाही. जिना चढताना दम लागत नाही. ऑपरेशनच्या आधी ती उशांचा ढीग करून बसून झोपायची, आता आडवी झोपते आणि घोरते. मी दाराशी उभी राहून ऐकते.

बाकी किरकोळ. रेडिओ लावून काम करायची तिची सवय होती, आता लावत नाही. "याचं बोलणं संपेपर्यंत मला माझं ऐकू येत नाही," म्हणते. दोन माणसं एकदम बोलायला लागली की गप्प होते आणि हसते. ते हसू मला आवडत नाही. रहस्यकथा वाचायला घेते आणि दहा पानं मागे जाते. "हा कोण? हा कधी आला?" मी म्हटलं, लेखकच गोंधळलेला असेल. ती म्हणाली, "तू माझी समजूत काढू नकोस, पुस्तक बदलून आण."

सर्जनला दाखवून आले. त्यानं छातीला यंत्र लावलं आणि म्हणाला, "हृदय उत्तम आहे." मी डोक्याचं विचारलं. तो म्हणाला, "थोडा वेळ द्या." माणूस चांगला आहे, पण त्याचं राज्य मानेपाशी संपतं.

आणि हो, ती दुकानात बसते. सकाळीच फक्त. तिचं दुकान आहे ताई, तिचा परवाना आहे. आपल्या दोघींची शिक्षणं त्या काउंटरमागे उभं राहून झाली. मी फार्मसी शिकले तीही तिचं बघून. तिला कोणत्या तोंडानं उठ म्हणू? आणि तिथे बसली की ती बदलते. कोण काय कुजबुजत मागणार हे तिला गिऱ्हाईक दारात असतानाच कळतं. डॉक्टरांचं कोंबडीचे पाय काढल्यासारखं अक्षर ती अजून लीलया वाचते. मदतीला लंबूही असतो. आपण शाळेत होतो तेव्हापासूनचा तोच लंबू, आता थोडा वाकलाय, त्यामुळे नुसता उंच वाटतो.

मी मागच्या खोलीत माल लावत असते, पण कान पुढेच असतात.

धाकटी


२४ एप्रिल

ताई,

हे वाचून तू "मी सांगितलं होतं" म्हणशील. म्हण. पण आधी वाच.

आपले छत्रीवाले काका आठवतात ना? कडक उन्हातही काळी छत्री उघडून चालणारे, निवृत्त टपाल मास्तर. त्यांचंही हृदयाचं दुखणं आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. ही गोळी म्हणजे तारेवरची कसरत. कमी झाली तर गाठ होते, जास्त झाली तर माणूस आतल्या आत वाहत जातो. त्यांची एक मिलिग्रॅमची. तीच पाचचीही येते, वेगळ्या रंगात.

परवा दुपारी आई घरी जेवून पडली होती. मी काउंटरवर होते. पलीकडच्या सलूनमधला न्हावी धावत आला आणि कापूस मागू लागला. "काकांना वस्तरा लागला. जरासाच लागला, पण रक्त काही थांबत नाही. माझा हात इतका वाईट नाही हो बाई."

मी कापसाचं पुडकं घेऊन गेले. काका खुर्चीत डोकं मागे टाकून बसले होते, हनुवटीवर टॉवेल, टॉवेल लाल झालेला. मला बघून हसले, तर दातांच्या कडेलाही रक्त. बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं.

"कुठे पडलात का?"

"छे. नुसतं दारावर टेकलो तरी असं होतंय चार दिवस. वय झालं, कातडी कागद होते."

"काका, गोळ्या कुठल्या घेता ते दाखवा."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. रंग बघितला. पाचची. काका म्हणाले, "या वेळी रंग वेगळा होता खरा. पण तुझ्या आईनं दिली म्हटल्यावर मी कशाला विचारू?"

टॅक्सी मिळेपर्यंत मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. न्हावीही सलून उघडं टाकून आमच्याबरोबर आला, त्यानंच पूर्ण वाटेत टॉवेल दाबून धरला. हॉस्पिटलात रक्त तपासलं. तिथला तरुण डॉक्टर कागद बघून दुसऱ्या डॉक्टरला बोलवायला गेला, चालत नाही, पळत. उतारा टोचला, बाटली लावली, डोक्याचं स्कॅन केलं. आत कुठे रक्तस्राव झालाय का, हे कळेपर्यंत मी बाकावर बसले होते आणि न्हावी माझ्याशेजारी. माझ्या मनात तेव्हा काका नव्हते, ताई. लाज वाटते, पण नव्हते. आई होती. हे गेले तर आईचं काय होईल, एवढंच होतं.

डोक्यात काही सापडलं नाही. काका वाचले. दोन दिवसांनी घरी येतील. मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, चूक आमच्या दुकानातून झाली. त्यांनी हनुवटीवरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. ती खचेल."

मी अजून सांगितलेलं नाही. आईला दोन दिवस दुकानातच जाऊ दिलं नाही, रस्ता खणलाय म्हणून सांगितलं. पाचच्या गोळ्या वेगळ्या कपाटात टाकून कुलूप लावलं. लंबूला कळलंय. तो माझ्याकडे बघत नाही. आईनं काकांना पाकीट दिलं त्या सकाळी तोही तिथेच होता.

रस्ता किती दिवस खणलेला ठेवू?

धाकटी


९ मे

ताई,

तू या वेळी पानभर लिहिलंस, आणि "मी सांगितलं होतं" कुठेच लिहिलं नाहीस. दोनदा शोधलं. तू लिहिलंस तसंच केलं, खरं सांगितलं. म्हणजे सांगावं लागलं.

आई कपडे करून दाराशी उभी होती. मी म्हटलं, "डॉक्टरांनी आणखी विश्रांती सांगितली आहे."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"सर्जननं."

"सर्जन म्हणतो माझं हृदय उत्तम आहे. आणि रस्ता खणलेला नाही, मी गच्चीतून बघितलं." तिनं पर्स खाली ठेवली. "कोणाला काय दिलं मी?"

सांगितलं. ती उभीच राहिली. मला वाटलं आता कोसळेल, मी हात पुढे केला. तो तिनं बाजूला सारला आणि विचारलं, "किती दिवस घेतल्या त्यांनी? रक्ताचा आकडा किती आला? उतारा काय दिला?" एकेक उत्तर ऐकून मान हलवत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या दुकानाची गोष्ट ऐकते आहे. मग आत गेली. बाथरूमचा नळ खूप वेळ वाहत होता.

बाहेर आली ती थेट काकांकडे निघाली. मी मागोमाग. काका घाईघाईनं म्हणाले, "बाई, काही झालं नाही, विसरून जा." आई म्हणाली, "मी विसरते म्हणून तर हे झालं. मला माफ करायची घाई करू नका, आधी नीट ऐका. गोळीचा रंग बदललेला दिसला तर विचारायचं. मी दिली असली तरी विचारायचं. माझ्या मुलीनं दिली तरी." काकांकडून ते तिनं परत म्हणून घेतलं, पोरांकडून पाढे म्हणून घेतात तसं. दुसऱ्या दिवशी परवाना कार्यालयात जाऊन घडलं ते स्वतः सांगून आली, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत काउंटरमागे पाऊल टाकणार नाही म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. मी थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी वाट सोडली.

मग म्हणाली, "आता माझं डोकं तपासून घेऊ."

तपासणारी मुलगी लहान होती, पण नम्र. चित्रं दाखवून प्राणी ओळखायला सांगितले. आई म्हणाली, "बाळ, हा गेंडा आहे, आणि तू मला गेंडा दाखवते आहेस याचा मला राग येतोय, हेही लिहून घे." मुलीनं खरंच लिहून घेतलं. शंभरातून सात-सात वजा करणं आईनं झरझर केलं. घड्याळ काढलं, काटे अगदी जागेवर. मला वाटलं, जिंकलो. मग अंक आणि अक्षरं आळीपाळीनं रेघेनं जोडायची होती. आई मध्येच थांबली. पेन्सिल कागदावर टेकलेली, आणि पुढे कुठे जायचं ते हरवलेलं. मी खिडकीकडे बघत राहिले. आणि सुरुवातीला लक्षात ठेवायला दिलेले पाच शब्द? दोन सांगितले. बाकीच्यांसाठी तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि म्हणाली, "होते. आत्ता इथेच होते."

मुलगी म्हणाली, ऑपरेशनला अजून सहा महिनेही झालेले नाहीत, सुधारायला वाव आहे, पावसाळा संपल्यावर परत या. चालत राहा, माणसांत राहा, कानाचं यंत्र काढू नका.

बाहेरच्या बाकावर आई बसली. मी म्हटलं, "मीच हट्ट धरला ऑपरेशनचा. ताई सांगत होती." तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही.

"तुम्ही दोघी तिकडे जिन्यात भांडत होतात ना, तेव्हा तो भूल देणारा डॉक्टर माझ्यापाशी बसला होता. सगळं सांगितलं त्यानं. डोक्यावर परिणाम होऊ शकतो, हेही. मी त्याला म्हटलं, माझ्या नवऱ्याला तर हे आधी कुणी सांगितलंही नव्हतं. मला पलंगापासून संडासापर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागते, बुडणाऱ्या माणसासारखी बसून झोपते मी. थोडं डोकं गेलं तर चालेल, श्वास हवा. सही माझी आहे त्या कागदावर. तुम्ही दोघी माझ्या सहीवरून एकमेकींशी बोलायच्या थांबलात, आणि मला विचारलं कुणीच नाही."

"मग ताई चुकली?"

"ती बरोबर होती. मीही बरोबर होते. औषधाच्या दुकानात वाढलीस आणि एवढं कळत नाही? ज्यानं गुण येतो त्यानंच अपायही होतो." मग म्हणाली, "थोरलीला लिही, मला भांडायला माणूस हवंय. तू हल्ली माझ्याशी भांडत नाहीस. आजाऱ्याशी बोलतात तशी गोड बोलतेस. मला अंगावर काटा येतो."

लिहिलं. आता तुझं तू बघ.

धाकटी


२ ऑक्टोबर

ताई,

परवा तुझा फोन आला तो आईनं उचलला, हे बरं झालं. मी उचलला असता तर दोघीही हवापाण्याचं बोललो असतो.

आधी बातमी. परत तपासणी झाली. शब्द सगळे आठवले, एक सोडून. रेघ जोडताना थांबली, पण वाट सापडली. तीच तपासणारी मुलगी म्हणाली, बरंच परत आलंय, राहिलेलं येईलच असं नाही. आईनं ते एखाद्या दराच्या वाटाघाटीसारखं ऐकलं आणि "ठीक आहे" म्हणाली. परवाना कार्यालयानं समज देऊन प्रकरण मिटवलं. आईला परत काउंटरवर उभं राहायची मुभा होती, पण तिनं परवाना माझ्या नावावर करून टाकला. आता ती काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसते. गोळीला हात लावत नाही. पण मी दिलेलं प्रत्येक पाकीट गिऱ्हाइकाला उघडायला लावून रंग विचारते. दुकानात गर्दी तुंबते. लंबू वैतागतो. काका रोज येऊन शेजारी बसतात आणि तिची बाजू घेतात.

आता फोनचं. मी पलीकडच्या खोलीत होते आणि ऐकत होते, लपवत नाही. तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण तू काय म्हणत असशील ते तिच्या उत्तरांवरून कळत होतं. "मला न सांगता सही केलीस" म्हणाली असशील, कारण ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू करू दिली असतीस?" मग बाबांचं निघालं. मग तू घर सोडून गेलीस ते निघालं. तिचा आवाज चढला. कित्येक महिन्यांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. भिंतीला टेकून मी हसत होते आणि रडतही होते.

आणि मग ती अडकली. "तू लहानपणापासून अशीच," म्हणाली, "एकदा मनानं घेतलं की..." आणि शब्द गेला. मला इकडे कळला होता तो शब्द. जिभेवर आला होता. मी एरवी पुरवतेच, लगेच, तिनं तोंड उघडायच्या आत, आणि ती दर वेळी "हं, तेच" म्हणते आणि जरा लहान होते. मी दारापर्यंत आले. तिनं डोळे मिटलेले, रिसीव्हर कानाला घट्ट धरलेला. पलीकडून तू काही बोलत नव्हतीस. मला वाटलं, फोन कट झाला. मला वाटलं, ताई, तू घाबरलीस आणि ठेवलास.

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी तोंडावर हात ठेवला.

"...आडमुठी," आई म्हणाली. "आडमुठी आहेस."

आणि मग तू काय म्हणालीस कोण जाणे, ती इतकी हसली की मला छातीच्या टाक्यांची काळजी वाटली.

तू शब्द पुरवला नाहीस. मला ते जमलं नव्हतं. ये, आणि जमतं कसं ते शिकव.

धाकटी